पुढील आदेश येईपर्यंत

आमच्या जुन्या स्टेशनचं एक माहितीपत्रक आहे. त्याच्या शेवटच्या पानावर तळाशी एक ओळ छापली आहे, 'इमारतीची जपणूक स्थानिक कर्मचारी व नागरिक यांच्या सहकार्याने.' ते माहितीपत्रक मी लिहिलं, संरक्षण समितीचा चिटणीस म्हणून. हा 'स्थानिक कर्मचारी' कोण, ते लिहायचं माझ्याकडून राहून गेलं असं कुणी समजू नये. समितीच्या बैठकीत त्याचा उल्लेख नको असं ठरलं, आणि नको म्हणणाऱ्यांत माझाही हात वर होता. म्हणून इथे लिहितो.

गाव त्यांना 'लाइन क्लिअर' म्हणायचं. तोंडावर आम्ही काका म्हणत असू. स्टेशनवर ते सांधेवाले होते. एका रुळाचे दोन फाटे होतात तिथे गाडीने कुठल्या फाट्याला जायचं, ते लोखंडी दांडा ओढून ठरवायचं, हे त्यांचं काम. प्लॅटफॉर्मच्या टोकाला असे सहा दांडे होते, माणसाच्या छातीएवढे. सत्तावीस वर्षं ते दांडे ओढून काकांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली गेला होता, आणि त्यांचा सदरा बेतताना शिंपी दर वेळी कुरकुरायचा. 'काय काका, कसं काय?' असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, 'लाइन क्लिअर.' आजारी असले तरी तेच, घरात कुणी गेलं असलं तरी तेच. नाव त्यावरून पडलं.

लाइन तशी छोटीच होती. जंक्शनपासून आमच्या गावापर्यंत एकोणीस मैल, आणि गावाच्या पुढे काहीच नाही. डोंगरात करड्या दगडाची खाण होती. तिथला दगड मोठ्या शहरांतल्या कचेऱ्यांना आणि पुलांना जायचा, त्यासाठी खाणवाल्यांनी ही लाइन टाकून घेतली होती. स्टेशनही त्याच दगडाचं. मास्तरांचं ऑफिस, वेटिंग रूम आणि कंदील ठेवायची खोली, अशा तीन खोल्या. छपराच्या कडेने लाकडी झालर, तिच्यात पानं कोरलेली. पुढे खाणीत पाणी भरलं, मग रस्ता झाला, रस्त्यावर बस आली. गाडीत माणसांपेक्षा कोंबड्यांच्या पाट्या जास्त दिसू लागल्या आणि एका वर्षाअखेरीस लाइन बंद झाली.

स्टेशनमास्तरांची बदली झाली. हमाल जंक्शनला गेले. काकांची नोकरी संपायला दोन वर्षं उरली होती, त्यांना लवकर घरी बसवलं आणि हातात एक कागद दिला. 'पुढील आदेश येईपर्यंत इमारत, सामान व किल्ल्या आपल्या ताब्यात राहतील.' लिहिणारा साहेब जेवायच्या सुट्टीपर्यंत ते विसरूनही गेला असेल. काकांनी तो कागद काच लावून ऑफिसात टांगला आणि चौदा वर्षं पाळला.

पाळला म्हणजे काय, तर रोज सकाळी आठला कुलूप उघडायचं. भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायची. सहाही दांड्यांच्या सांध्यांत तेल सोडायचं, एकेक दांडा ओढून परत जागेवर न्यायचा. सिग्नलच्या तारेवरची गंजाची पूड फडक्याने पुसायची. कौलं सरकली तर शिडी लावून बसवायची. चोवीस कंदिलांच्या काचा दर आठवड्याला धुवायच्या. त्या कंदिलांनी दिवा दाखवायला गाडी नव्हती, पण काच काळी राहिली तर त्यांना जेवण जात नसे, असं काकूच सांगायच्या. काकू म्हणजे त्यांची बायको. मूलबाळ नव्हतं. दोघं स्टेशनच्या मागच्या क्वार्टरमध्ये राहायची.

त्यांच्यावर सगळ्यात जास्त राग हार्डवेअरच्या शेठचा. स्टेशनच्या आवारात लोखंडी पाइप रचून ठेवायला त्याला जागा हवी होती. काका 'वरून आदेश आणा' म्हणाले. शेठने तरीही एक ट्रक पाइप उतरवून टाकले, तर या एकसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याने एकट्याने दोन दिवस खपून सगळे पाइप फाटकाबाहेर नेऊन ठेवले, तेही नीट, एका रेषेत. ते पाहायला आलेले लोक शेठला बघून हसले. शेठ ते विसरला नाही. पुढची आठ वर्षं त्याने ते जपून ठेवलं.

एका दुपारी आम्ही चौघे न्हाव्याच्या दुकानात बसलो होतो. शेठ, पोस्टमन, खुद्द न्हावी आणि मी. माझा टायपिंगचा क्लास होता, समोरच, माडीवर. विद्यार्थी कमी आणि दुपार मोठी.

शेठ म्हणाला, "लाइन क्लिअरला एक पत्र यायला पाहिजे."

"कुणाचं?" न्हाव्याने विचारलं.

"हेड ऑफिसचं. लाइन परत चालू होणार म्हणून."

न्हाव्याचा वस्तरा थांबला. खुर्चीतलं गिऱ्हाईक हसायला लागलं. पोस्टमन म्हणाला, "टपाल माझ्याच हातून जातं. त्याचं उत्तरही माझ्याच हातात येणार." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझं काकांशी काही वाकडं नव्हतं. शेठचं होतं, न्हाव्याला गिऱ्हाइकं रमवायची होती, पोस्टमन शेठच्या शब्दाबाहेर नव्हता. मला फक्त एक चांगलं सरकारी पत्र लिहायचं होतं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे अर्ज टाइप करून मला ती भाषा तोंडपाठ झाली होती, आणि ती वापरायची संधी कधी मिळाली नव्हती. स्टेशन बंद झालं तेव्हा रद्दीत निघालेले रेल्वेचे कोरे कागद शेठच्या गोदामात होते, तो त्यात खिळे बांधून द्यायचा. त्यातलाच एक मी मशीनवर चढवला. 'विषयांकित मार्ग पुनश्च कार्यान्वित करण्याचे विचाराधीन असून, निरीक्षण ट्रॉली दिनांक चौदा, सोमवार रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आपल्या स्थानकी दाखल होईल. तरी स्थानक सर्वतोपरी सज्ज ठेवावे.' तीन महिन्यांनंतरची तारीख होती. सोमवारी दुकानं बंद असतात, म्हणून सोमवार. न्हाव्याच्या दुकानात ते वाचून दाखवलं तेव्हा 'सर्वतोपरी' या शब्दाला दाद मिळाली.

पत्र पोचलं त्याच दिवशी दुपारी काका माझ्या क्लासचा जिना चढून आले. अंगात धुतलेला सदरा होता.

"मास्तर, एक उत्तर टाइप करून द्या. हाताने लिहिलेलं बरं दिसणार नाही."

ते मला मास्तर म्हणायचे, वयाने मी त्यांच्या निम्मा असूनही. ते सांगत गेले आणि मी टाइप करत गेलो, ज्या मशीनवर मूळ पत्र टाइप केलं होतं त्याच मशीनवर. 'सेवेशी सादर. पत्र मिळाले. इमारत, सामान व किल्ल्या सुस्थितीत आहेत. मात्र चौथ्या मैलाजवळ दोन रूळ कुणी कापून नेले आहेत, तरी ट्रॉली पाठवण्यापूर्वी ते बसवावेत, नाहीतर अपघात होईल.' कागद हातात घेऊन त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला.

"तुमच्याही मशीनचा 'र' शेपटीला तुटका आहे," ते म्हणाले. "हेड ऑफिसच्या मशीनचा पण तसाच आहे बघा. हे अक्षर जास्त वापरात असणार."

"हो," मी म्हणालो, "तेच आधी झिजतं."

संध्याकाळी ते उत्तर पोस्टमनने न्हाव्याच्या दुकानात फोडलं. मी 'र'ची गोष्ट सांगितली आणि माझी वाहवा झाली. कापलेल्या रुळांचं काय करायचं, यावर बराच वेळ चर्चा चालली. शेवटी मी लिहिलं की, मार्गदुरुस्तीचं पथक जंक्शनकडून निघालं आहे, आपण काळजी करू नये. ते दोन रूळ कापून नेणारा कोण, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. शेठच्या गोदामाचं छप्पर त्या रुळांवरच उभं होतं.

मग पत्रं सुरू झाली. काकांची एकूण सात आणि आमची, पहिलं धरून, आठ. सिग्नलच्या हाताला कुठला रंग द्यायचा, जुन्याच शेंदरी रंगाचा की नवीन नियम आलाय? प्लॅटफॉर्मवर पिण्याच्या पाण्याचे रांजण पूर्वी तीन होते, आता दोनच शाबूत आहेत, चालेल का? साहेबांसोबत किती माणसं असतील? मी प्रत्येकाला उत्तर दिलं. ज्या दिवशी त्यांचं पत्र येत नसे, त्या दिवशी मला चुकल्यासारखं व्हायचं.

तिकडे म्हातारा राबत होता. प्लॅटफॉर्मपुढचा चारशे फूट रूळ गवतात बुडाला होता, तो त्यांनी विळ्याने मोकळा केला. रुळांमधली माती खुरप्याने काढली. झालरीवर चढून कोरलेलं एकेक पान घासलं. शेठने दुकानात पडून सुकलेले रंगाचे सहा डबे 'सरकारी कामाला माझा हातभार' म्हणून पाठवले. काकांनी ते रॉकेलमध्ये भिजवून, घोटून, गाळून वापरात आणले आणि शेठचे आभार मानायला दुकानात गेले. शेठने त्यांना खुर्ची दिली. ते गेल्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

काकू झेंडे शिवत होत्या, एक हिरवा, एक लाल. त्यांचा डावा डोळा काचबिंदूने आधीच गेला होता. उजव्या डोळ्याला दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली होती आणि कडेचं दिसेनासं होत चाललं होतं. मोठ्या गावातल्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली होती. ऑपरेशन करणारा डॉक्टर तिथे अडीच महिन्यांतून एकदाच यायचा. सही करायला आणि सोबत थांबायला नवराच हवा, असं कागदावर लिहिलेलं होतं. तारीख होती चौदा, सोमवार.

काकांचं पाचवं पत्र त्यासाठी होतं. ते त्यांनी माझ्याकडे टाइप करायला आणलं नाही, हाताने लिहिलं. अक्षर मोठं, रेघेवर बसवलेलं. 'पत्नीच्या डोळ्याचे ऑपरेशन त्याच दिवशी असल्याने निरीक्षण एक दिवस आधी किंवा नंतर ठेवता आल्यास उपकार होतील. आजवर नोकरीत एकही रजा जास्तीची घेतलेली नाही.'

पोस्टमनने ते वाचलं तेव्हा न्हाव्याच्या दुकानात कुणी हसलं नाही. न्हावी म्हणाला, "मग मंगळवार करू की. काय फरक पडतो?"

"मंगळवारी दुकानं उघडी," शेठ म्हणाला. "कोण येणार बघायला? सगळ्या बाजाराला सोमवार सांगून ठेवलाय."

"डोळ्याचा प्रश्न आहे."

"आज नाही तर पुढच्या खेपेला होईल ऑपरेशन. डोळा कुठे पळून चाललाय?" शेठ माझ्याकडे वळला. "मास्तर, लिही."

मी माडीवर गेलो. एकटाच होतो. तिथे बसून मी दुसरं काहीही लिहू शकलो असतो. 'निरीक्षण पुढे ढकलले आहे,' एवढे तीन-चार शब्द लिहिले असते तरी पुरलं असतं, शेठ काय मला खाणार होता? मी लिहिलं, 'नियोजित तारखेत बदल करणे शक्य नाही. आपली उपस्थिती अनिवार्य आहे.' आणि खरं सांगायचं तर 'अनिवार्य' हा शब्द सुचला तेव्हा मला बरं वाटलं.

चौदा तारखेला सकाळी नऊपासून लोक स्टेशनच्या मागच्या उतारावर येऊन बसले. बायका, माणसं, कुणी भाजलेले शेंगदाणे आणलेले, कुणी छत्र्या. फोटो स्टुडिओवाल्याला शेठने मुद्दाम बोलावलं होतं. मीही होतो, उताराच्या मधोमध.

स्टेशन ओळखू येत नव्हतं. भिंतींचा दगड धुतलेला. झालर पांढरी. रांजण भरलेले, त्यावर झाकणं. काकांनी जुना निळा कोट घातला होता, पितळी बटणं चमकत होती. काकू वेटिंग रूमच्या बाकावर बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून, हात मांडीवर. अकराला काकांनी दांडा ओढला. सिग्नलचा आडवा हात खाली झुकला. आडवा म्हणजे थांबा, झुकलेला म्हणजे या. तेरा वर्षांनी तो हात गावाने गाडीसाठी झुकलेला पाहिला.

अकरा वीस झाले. साडेअकरा. काका प्लॅटफॉर्मच्या टोकाला वळणाकडे तोंड करून उभे. उतारावर खुसखुस सुरू झाली. बाराच्या सुमाराला गोदामामागून कुणीतरी भोंगा वाजवला, दोनदा, लांबलचक. काकांनी हिरवा झेंडा उचलला. हात सरळ, खांद्याच्या रेषेत. उजवा खांदा खाली गेलेला असल्यामुळे झेंडा थोडा तिरका दिसत होता.

आधी वरच्या बाजूचे चार-पाच जण हसले, मग सगळा उतार.

गाडी पुढून निघून जाईपर्यंत झेंडा खाली घ्यायचा नसतो. त्यांनी तो घेतला नाही. हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हाताचा टेकू दिला. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, पण शेंगदाणे खाणारे खायचे थांबले होते. काकू बाकावरून विचारत होत्या, "आली का? अहो, आली का?" त्यांना तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं.

शेवटी शेठच उतरून प्लॅटफॉर्मवर गेला. त्याच्या हातात सुतळीने बांधलेला गठ्ठा होता.

"हेड ऑफिसचं टपाल," तो मोठ्याने म्हणाला, वरपर्यंत ऐकू जाईल असं.

काकांनी झेंडा काखेत धरला आणि सुतळी सोडली. आपलीच पत्रं पाहिली. एकामागून एक मोजली, सातही. पाचव्यापाशी जरा थांबले. मग गठ्ठा कोटाच्या खिशात घातला, दांड्यांपाशी गेले आणि सिग्नल पुन्हा आडवा केला. येणारं काही नसताना सिग्नल झुकलेला ठेवत नाहीत. ऑफिसला कुलूप लावलं. उताराकडे वळून म्हणाले, "प्लॅटफॉर्म मोकळा करा."

वास्तविक प्लॅटफॉर्मवर शेठशिवाय कुणीच नव्हतं.

काकूंना डॉक्टरची पुढची तारीख अडीच महिन्यांनी मिळाली. तोवर उजवा डोळाही गेला. डॉक्टर काकांना म्हणाला, "तेव्हा आणलं असतंत तर निदान माणसं ओळखण्यापुरतं राहिलं असतं." हे मला पोस्टमनने सांगितलं. त्यानंतर तो न्हाव्याच्या दुकानात बसेनासा झाला. आम्ही बाकीचे बसत राहिलो.

स्टुडिओवाल्याने काढलेल्या फोटोंपैकी एक शहरातल्या वर्तमानपत्रात छापून आला. झेंडा धरलेले काका, मागे स्टेशन. तो पाहून एक वास्तुरचनाकार बाई आली. जुन्या इमारती वाचवणं हेच तिचं काम. तिने दिवसभर स्टेशनची मापं घेतली. सिग्नलच्या दांड्याला हात लावला तर बोटांना ताजं तेल लागलं. त्या सोमवारनंतरही काका रोज आठला कुलूप उघडत होते.

"हे इतकं चालू स्थितीत मी कुठेच पाहिलेलं नाही," बाई म्हणाली. "कोणी सांभाळलं?"

"गावाने," शेठ म्हणाला.

वर्षभरात मंजुरी आली. स्टेशन संरक्षित झालं, समिती झाली. शेठ अध्यक्ष, कारण गावात त्याच्याइतका वजनदार माणूस नव्हता. मी चिटणीस, कारण मी पत्रं चांगली लिहितो. अट एकच होती, इमारत आणि मागचं क्वार्टर रिकामं हवं. काकांचा चौदा वर्षांपूर्वीचा कागद रद्द करणारा आदेश हेड ऑफिसमधून काढून घ्यायचा होता. तो खराच निघाला, खऱ्या साहेबाच्या सहीने, खऱ्या शिक्क्याने. मसुदा मात्र त्यांनी माझ्याकडूनच मागवला होता.

तो द्यायला मी स्वतः गेलो. काका कंदील पुसत होते. त्यांनी आदेश वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली, आणि परत माझ्या हातात दिला.

"या वेळी शिक्का छान जमलाय, मास्तर," ते म्हणाले.

"काका, हा खरा आहे."

"ती पत्रंही खरीच होती." त्यांनी पुढचा कंदील उचलला.

मुदत संपली तरी ते हलले नाहीत. शेवटी पोलिसांना घेऊन कुलूप तोडावं लागलं. पोलीस आलेले पाहिले तेव्हा आदेश खरा आहे हे काकांना पटलं. मग मात्र त्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. किल्ल्यांचा जुडगा काढून दिला, प्रत्येक किल्ली कशाची ते सांगितलं. तुटलेल्या कुलपाचीही सांगितली. सामानाची यादी वाचून त्यावर सही मागितली. सही मी केली. काकूंचा हात धरून ते बस स्टँडच्या मागे दोन खोल्यांत राहायला गेले.

बाईच्या आग्रहावरून त्यांना एकदा बोलावलं, समितीच्या पहारेकऱ्याला दांडे शिकवायला. मला वाटलं, येणार नाहीत. चार दिवस आले. कुठे तेल सोडायचं, कुठे हात घालायचा नाही, सगळं शिकवलं. पहारेकऱ्याने दांडा झटक्याने सोडला की त्यांचा चेहरा दुखरा व्हायचा. पाचव्या दिवसापासून ते त्या रस्त्यानेही दिसले नाहीत.

दोन वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलगी झाली. तिच्या डोळ्याला काहीतरी झालं होतं, साधंच होतं, थेंबांनी बरं झालं. पण ते आठ दिवस मला झोप नव्हती. बरी झाल्यावर मी ठरवलं, जाऊन सांगून टाकायचं. मला वाटत होतं मी त्यांच्यासाठी चाललोय.

दुपारची वेळ होती. काकू पाटावर बसून हाताने चाचपत लसूण सोलत होत्या. काका खिडकीशी वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"काका, ती पत्रं मी टाइप केली होती."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तुटका 'र'."

"मला माफी मागायची आहे. काकूंचीही." मी काकूंकडे वळलो. "काकू, तारीख बदलायचं काकांचं पत्र आलं, तेव्हा मला ते करता आलं असतं."

काकूंचे हात थांबले. "कसलं पत्र?"

"मास्तर, पुरे," काका म्हणाले.

मी थांबायला हवं होतं. पण अर्धं सांगून माझं ओझं उतरणार नव्हतं. "काकांनी लिहिलं होतं, तुमचं ऑपरेशन आहे, एक दिवस इकडचा तिकडे करा म्हणून. आम्ही नाही म्हटलं. चूक आमची आहे, त्यांची नाही."

काकूंनी हातातली पाकळी खाली ठेवली. मग काकांच्या आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाल्या, "तुम्ही विचारलं होतंत?"

"हो."

"मला बोलला नाहीत."

"ते नाही म्हणाले. मग सांगून काय करायचं?"

"मला वाटत होतं, कामाच्या नादात तुमच्या ध्यानातच आलं नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "डोक्यात दुसरं काही नव्हतं, म्हणून राहिलं. एवढी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आले. म्हणजे तुमच्या ध्यानात होतं. कागदावर लिहिण्याइतकं ध्यानात होतं. आणि तरी तुम्ही थांबलात."

"अनिवार्य लिहिलं होतं," काका म्हणाले.

काकूंनी सोललेला लसूण वाटीत ओतला, सालं पदराने गोळा केली. "मास्तरांना पाणी दे म्हणू नका मला," त्या म्हणाल्या, आणि भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेल्या.

काका माझ्याबरोबर दारापर्यंत आले. मला वाटलं, आता ते मला दोन शब्द सुनावतील. त्यांनी ते केलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त दार लावून घेतलं.

आठ दिवसांनी काकूंच्या बहिणीचा जावई येऊन काकूंना घेऊन गेला. काका बॅग घेऊन स्टँडपर्यंत गेले होते. काकू बसमध्ये चढताना काकांनी हात पुढे केला, तेव्हा काकूंनी कंडक्टरला विचारलं, "भाऊ, दांडा कुठे आहे धरायला?" हे पाहणारे स्टँडवर पुष्कळ होते.

काका त्यानंतर तीन वर्षं जगले. गावात कुणी 'कसं काय' विचारलं तर उत्तर देत नसत, नुसते मान हलवत. एका सकाळी दूधवाल्याला दार उघडलं गेलं नाही. बहिणीकडे निरोप धाडला. काकू आल्या नाहीत. समितीच्या बैठकीत दोन मिनिटं उभं राहण्याचा ठराव झाला. शेठच्या गुडघ्यांचा त्रास वाढला होता, तो बसूनच होता.

खोली रिकामी करायला घरमालकाने मलाच बोलावलं, दुसरं कोण होतं? एक लोखंडी पेटी निघाली. आत कपडे, कोट, पत्रांचा गठ्ठा. ती मी बसने बहिणीच्या गावी घेऊन गेलो. दार बहिणीने उघडलं. ती मला ओळखत नव्हती. आत ओसरीवर काकू बसल्या होत्या, केस पूर्ण पांढरे, चेहरा दाराकडे वळवलेला.

"कोण आहे गं?" त्यांनी विचारलं.

बहिणीने माझ्याकडे पाहिलं.

"सामान पोचवायला आलोय," मी म्हणालो, आवाज जरा बदलून.

"भिंतीला लावून ठेव," काकू म्हणाल्या. "मध्ये ठेवू नकोस, मी अडखळते."

मी पेटी भिंतीला लावून ठेवली आणि परतीची बस धरली.